ॲक्शन-ॲडव्हेंचर मालिका: खेळाडूला मोकळे सोडावे की बोट धरून न्यावे?

प्रश्न

नमस्कार. 'टूम रेडर' मालिकेतला १९९६ सालचा पहिला गेम मी नुकताच, २०२४ मध्ये आलेल्या रीमास्टर स्वरूपात, पूर्ण केला आणि त्याच ओघात २००७ चा 'ॲनिव्हर्सरी' हा त्याचा रीमेक व २०१३ मध्ये मालिकेची नव्याने सुरुवात करणारा गेम हे दोन्ही पुन्हा खेळलो. तिन्ही लागोपाठ खेळल्याने एक फरक प्रकर्षाने जाणवला आणि त्याविषयी येथील जाणकारांचे मत समजून घ्यायचे आहे.

पहिल्या गेममध्ये 'लॉस्ट व्हॅली' ही लेव्हल आहे. तीन दातेरी चक्रे शोधून धबधब्याचा प्रवाह वळवायचा, एवढेच तिथले काम. त्या दरीत हिंडत असताना पुढच्या अंधारातून एकाएकी टायरॅनोसॉरस धावून येतो. संगीत बदलते, पण कॅमेरा आपल्या हातून काढून घेतला जात नाही आणि कोणते बटण दाबावे हेही कोणी सांगत नाही. पळत सुटून एखाद्या कपारीत शिरायचे, तिथून नेम धरायचा, की उघड्यावर उड्या मारत त्याला चुकवत राहायचे, हे सर्वस्वी आपल्यावर असते, आणि त्याच्या जबड्यात एकदा सापडलो की खेळ संपतो. 'ॲनिव्हर्सरी'मध्ये त्याच सामन्याला कटसीन (नुसते पाहायचे दृश्य) आणि क्विक टाइम इव्हेंट (पडद्यावर दिसेल ते बटण वेळेत दाबणे) यांची जोड मिळाली. प्रसंग निःसंशय देखणा झाला. परंतु तो माझ्या बाबतीत जसा घडला तसाच तो प्रत्येकाच्या बाबतीत घडला असणार, ही जाणीव मनातून जात नाही. २०१३ च्या गेममध्ये तर गुहेतून निसटण्यापासून नदीच्या लोंढ्यात वाहून जाण्यापर्यंत असे प्रसंग एकामागून एक येतात. नायिका लाराची वेदना मनाला भिडते, हे मी मान्यच करतो. मात्र तिच्यासाठी मी स्वतः नेमके काय केले, असा प्रश्न पडला तर उत्तर देता येत नाही.

माझे विचारणे असे आहे की, या भावनेत केवळ जुन्याची ओढ आहे, की खरोखरच काही हरवले आहे? दीर्घकाळ चालणारी प्रत्येक मालिका सिनेमाच्या दिशेनेच जाते का, आणि त्या वाटेवरून मागे फिरलेल्या मालिका आपल्या पाहण्यात आहेत का?

पहिला प्रतिसाद

हरवले आहे, हे खरेच आहे. पण जे हरवले त्याला सरसकट 'स्वातंत्र्य' म्हटले तर मूळ गोष्ट निसटते, असे मला वाटते. १९९६ चा गेम मोकळा मुळीच नव्हता. बंदिस्त लेव्हल, एका दाराला एक किल्ली, आणि बहुतेक ठिकाणी पुढे जाण्याची वाट एकच. म्हणजे वाटांची संख्या मोजायची ठरवली तर आजचे गेम कितीतरी उदार आहेत.

वेगळेपण होते ते लाराच्या चालण्यात आणि त्या जगाच्या बांधणीत. तो गेम बनवणाऱ्या कोअर डिझाइनने ते जग समान चौरसांच्या जाळीवर रचले होते. जागेवरून मारलेली उडी एक चौरस ओलांडते, धावत मारलेली दोन, आणि धावत उडी मारून हात पुढे करून कड पकडली तर तीन. चालण्याचे बटण दाबून ठेवले तर लारा कडेवरून खाली पडत नाही, ती टोकाशी जाऊन थांबते. तिथून मागे एक लहानशी उडी घेतली की धाव घेण्यासाठी नेमके हवे तेवढे अंतर मिळते. ही चाल एकदा अंगवळणी पडली की प्रत्येक दरीपुढे थांबून मनातल्या मनात हिशेब करता येतो. 'सेंट फ्रान्सिस फॉली' या लेव्हलमधला तो उंच, खोल मनोरा आठवून पाहा. वर उभे राहून खाली पाहिले की कोणत्या सज्जावरून कोणत्या सज्जावर जाता येईल हे डोळ्यांनी मोजता येते, आणि उडी चुकली तर दोष आपल्या हिशेबाचा असतो.

२०१३ च्या लाराच्या हालचाली कितीतरी अधिक जिवंत आहेत, पण तिची उडी मोजता येत नाही, कारण हवेत असताना गेम तिला हळूच योग्य कडेकडे ओढून घेतो. त्यामुळे दरीपुढे उभे राहिल्यावर मनात येणारा प्रश्नच बदलतो. पूर्वी आपण विचारत होतो की ही उडी मला जमेल का. आता विचारतो की इथून उडी मारणे अपेक्षित आहे का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर जागा पाहून मिळते. दुसऱ्याचे उत्तर फक्त गेम बनवणाऱ्यांकडे असते आणि ते त्यांना कुठल्या तरी मार्गाने सांगावेच लागते. कडांवरचा पांढरा रंग, 'सर्व्हायव्हल इन्स्टिंक्ट'चे बटण दाबताच चमकू लागणाऱ्या वस्तू, हे सारे त्यातूनच आले.

याला आणखी एक कारण आहे, त्याची चर्चा फारशी होत नाही. जुन्या गेममधल्या खडकांना तपशीलच नव्हता, त्यामुळे जी कड दिसते ती पकडता येते, असा साधा नियम आपोआप पाळला जात होता. ग्राफिक्स जसजसे समृद्ध होत गेले तसतशी प्रत्येक भेग, प्रत्येक मुळी आणि प्रत्येक कोनाडा पकडण्याजोगा दिसू लागला, पण पकडता येणाऱ्या जागा मात्र मोजक्याच राहिल्या. देखावा आणि नियम यांच्यात जे अंतर पडले ते भरून काढण्यासाठी रंगाचा डबा हाती घ्यावा लागला. २०२४ च्या आरंभी 'फायनल फँटसी ७ रीबर्थ'च्या डेमोत कडांवर खुणेसाठी लावलेल्या पिवळ्या रंगावरून जो वाद पेटला, त्याच्या मुळाशीही हेच होते.

सिनेमाचे तंत्र आणि खेळाडूचा हिशेब एकत्र नांदू शकतात, याचे माझ्या मते सर्वांत उत्तम उदाहरण २००३ चे 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' हे आहे. नव्या दालनात पाऊल टाकले की कॅमेरा एकदा त्या दालनातून फिरून येतो आणि वाट कुठून कुठे जाते ते दाखवतो. मग तो आपल्या हाती परत येतो. चूक झाली तर खंजिराच्या साहाय्याने काळ मागे नेता येतो, आणि मृत्यू ओढवलाच तर कथा सांगणारा राजपुत्र 'असे घडले नव्हते' म्हणत स्वतःची गोष्ट दुरुस्त करतो. कथनाचा तो धागा खेळाच्या नियमाशी इतका घट्ट विणलेला आहे की कथा कुठे थांबते आणि खेळ कुठे सुरू होतो हे वेगळे काढता येत नाही. तसे पुन्हा फार कोणाला साधले नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

दुसरा प्रतिसाद

उड्यांचे हे विवेचन पटले. मी 'मेट्रॉइड' मालिकेची जुनी चाहती आहे आणि आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे, म्हणजे मागे फिरलेल्या मालिकांविषयीचे, उत्तर या मालिकेत फार स्पष्ट दिसते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

१९८६ च्या पहिल्या गेममध्ये नकाशासुद्धा नव्हता. तो खेळाडूने कागदावर काढायचा. १९९४ च्या 'सुपर मेट्रॉइड'मध्ये नकाशा आला, पण सूचना मात्र आल्या नाहीत, आणि तरीही त्या गेमसारखे शिकवणे मी अन्यत्र क्वचितच पाहिले आहे. ब्रिन्स्टार भागात नायिका सॅमस एका खोल विहिरीसारख्या जागेत उतरते. वर येण्याचा मार्ग दिसत नाही. तिथे तीन चिमुकले प्राणी आहेत आणि ते या भिंतीवरून त्या भिंतीवर उसळ्या घेत वर चढत असतात. पडद्यावर एक अक्षरही उमटत नाही. त्यांच्याकडे पाहत राहिल्यावर तसेच करून बघावेसे वाटते. पहिले काही प्रयत्न फसतात, मग बोटांना ताल सापडतो आणि आपण वर येतो. विशेष म्हणजे ही चाल सॅमसला खेळाच्या आरंभापासूनच येत होती, आपल्यालाच ती ठाऊक नव्हती. दुसऱ्या ठिकाणी शहामृगासारखा एक प्राणी वेगाने धावतो, थांबतो आणि सरळ वर झेपावतो. त्यातूनही अशीच एक चाल कळते. शेवटी ग्रहाचा स्फोट होण्याआधी पळताना वाट थोडी वाकडी केली तर हेच प्राणी अडकलेले सापडतात आणि त्यांना सोडवता येते. तसे करा असे गेम कधीच सांगत नाही. ज्यांनी आपल्याला शिकवले त्यांची आठवण ठेवणे हे पूर्णपणे खेळाडूवर सोपवलेले आहे, आणि कोणत्याही कटसीनने मला इतके हेलावून सोडलेले नाही.

त्यानंतर २००२ च्या 'मेट्रॉइड फ्यूजन'मध्ये एक संगणक प्रत्येक टप्प्यावर पुढचे ठिकाण नेमून देऊ लागला आणि अनेक चाहते नाराज झाले. मी त्यांच्याशी पूर्ण सहमत नाही. त्या गेममध्ये सॅमसचेच रूप घेतलेला एक शत्रू अवकाशस्थानकात फिरत असतो आणि बराच काळ त्याच्यापुढे आपला टिकाव लागत नाही. तो कधी आणि कुठे भेटेल यावर लेखकाचा ताबा नसता तर ती भीती तशी उभी राहिलीच नसती. तिथे स्वातंत्र्य आकुंचित केल्याच्या बदल्यात खेळाडूला काही तरी मिळत होते.

२०१० च्या 'अदर एम'मध्ये मात्र तसे काही मिळाले नाही. सॅमसजवळ सगळी आयुधे आधीपासून आहेत, पण वरिष्ठाने परवानगी दिल्याखेरीज ती वापरायची नाहीत, अशी योजना होती. ती तप्त विभागात शिरते, उष्णतेने तिची शक्ती घटत राहते, उष्णतेपासून वाचवणारे कवच अंगावर असूनही ते सुरू करण्याचा आदेश येईपर्यंत तिला भाजत चालावे लागते. खेळाला कथेची वेसण कशी घालू नये, याचे याहून ठसठशीत उदाहरण मला माहीत नाही. नवी शक्ती मिळण्यातला सारा आनंद तिथे परवानगी मिळण्यात बदलला.

आणि मग २०२१ चा 'मेट्रॉइड ड्रेड'. वरवर पाहता हा गेमही बोट धरून नेतो. आपण पुढे गेल्यावर मागचे दार बंद होते आणि वाट बेमालूमपणे हव्या त्या दिशेला वळवली जाते. परंतु ज्याला चुकार वाटा शोधायच्या आहेत त्याच्यासाठी त्या मुद्दाम ठेवलेल्या आहेत. नेमून दिलेल्या क्रमाआधीच मॉर्फ बॉलचे (सॅमसच्या चेंडूसारख्या रूपाचे) बॉम्ब मिळवून क्रेड या बॉसपर्यंत, म्हणजे मोठ्या शत्रूपर्यंत, पोहोचले तर त्या लढतीत एका तोफेसारख्या यंत्रात शिरून त्याला झटक्यात संपवता येते, आणि त्यासाठी स्वतंत्र दृश्यही तयार केलेले आहे. वाकड्या वाटेने येणारा खेळाडू इथे येईल हे डेव्हलपरांनी आधीच ताडले होते आणि त्याच्या स्वागताची तयारी करून ठेवली होती. सिनेमा असाही वापरता येतो.

तिसरा प्रतिसाद

दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत, पण सिनेमाची बाजू कोणीतरी मांडायला हवी, म्हणून लिहीत आहे.

'अनचार्टेड २'मधला (२००९) धावत्या आगगाडीचा भाग घ्या. वाट एकच आहे, डब्यावरून पुढच्या डब्यावर. आणि तरीही तो भाग खेळताना आपण कोणाच्या मागे फरफटत चाललो आहोत असे वाटत नाही. याचे कारण असे की ती गाडी खरोखर त्या जगातून धावते. तो गेम बनवणाऱ्या नॉटी डॉगने हलत्या वस्तूवर उभे राहून लढता येईल अशी यंत्रणाच त्यासाठी उभारली होती. स्थिर डब्यामागे देखावा सरकवून काम भागले असते. तसे केले नाही म्हणून वळणावर गाडी वळली की आपला नेमही हलतो. हा आनंद मोकळ्या जगात मिळत नाही. कोणत्या क्षणी खेळाडू कुठे उभा असेल हे ठाऊक असल्याखेरीज असा प्रसंग रचताच येत नाही, आणि इतका खर्चिक प्रसंग कोणाच्या नजरेतून सुटू नये असे स्टुडिओला वाटले तर त्यात गैर काय?

माझी तक्रार वेगळ्या गेमबद्दल आहे. 'रेड डेड रिडेम्प्शन २' (२०१८) कथा आणि जग या दोन्ही बाबतींत असामान्य आहे. मिशनबाहेर असताना तिथे आपण काय वाटेल ते करू शकतो, पण मिशन सुरू होताच नेमलेल्या ओळीवरून जरा बाजूला गेले, शत्रूला दुसऱ्या बाजूने गाठायचा प्रयत्न केला, की मिशन अयशस्वी. एकाच गेममध्ये दोन परस्परविरोधी करार आहेत. 'अनचार्टेड'ने मोकळीक देऊ केलीच नव्हती, त्यामुळे ती काढून घेतल्याचा सलही राहत नाही.

दुसरे असे की, मोकळीक फुकट मिळत नाही. 'झेल्डा' ही मालिका मागे फिरण्याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणून सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. २०११ च्या 'स्कायवर्ड स्वोर्ड'मध्ये फाय ही साथीदार इतक्या वेळा मध्ये येऊन उघड्या गोष्टी समजावत असे की २०२१ च्या रीमास्टरमध्ये तिचा बराचसा उपदेश ऐच्छिक करावा लागला. २०१७ च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'ने ती सारी रीत मोडली. तिथेही आरंभी कडेकपारींनी वेढलेल्या पठारावर आपल्याला अडकवून ठेवलेले असते. चार देवळांसारख्या जागा पूर्ण करून पॅराग्लायडर मिळेपर्यंत सुटका नाही. मात्र त्या पठारावर जे शिकायचे ते शिकून झाले की हवे तर थेट अंतिम शत्रूकडे जाता येते. जपानमधील 'सेडेक' या गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत २०१७ मध्ये या गेमच्या रचनाकारांनी सांगितले होते की डोंगरटेकड्यांचे त्रिकोणी आकार त्यांनी विचारपूर्वक मांडले, म्हणजे पलीकडचे काही तरी झाकले जावे, चढावे की वळसा घालावा असा पर्याय राहावा आणि पुढे जाताच नवे काही नजरेस पडावे. मार्गदर्शन तिथेही आहे, फक्त ते भूमीत मिसळलेले आहे.

पण २०२३ च्या 'टिअर्स ऑफ द किंग्डम'मध्ये याच मोकळिकीची किंमत दिसली. चार प्रदेशांतील मंदिरे कोणत्याही क्रमाने पूर्ण करता येतात. साहजिकच प्रत्येक मंदिराच्या शेवटी येणारे कटसीन आपण पहिल्यांदाच पाहत आहोत असे गृहीत धरून लिहावे लागले, आणि प्राचीन युद्धाची जवळपास तीच हकीकत, जवळपास त्याच शब्दांत, चार वेळा ऐकावी लागली. शिवाय जमिनीवरच्या आकृत्यांमधून उलगडणारे रहस्य एखाद्याला फार लवकर कळू शकते. ते कळल्यावरही नायक लिंक कोणाला काही सांगत नाही आणि बाकीची पात्रे काहीच ठाऊक नसल्यासारखी राजकन्या झेल्डाचा शोध घेत राहतात. ज्यांनी तो गेम अजून खेळलेला नाही त्यांच्यासाठी याहून अधिक लिहीत नाही. इतक्या करुण कथेला क्रम हवाच होता, असे माझे ठाम मत आहे. काही गोष्टी कोणी तरी ठरवलेल्या वेळीच कळायला हव्या असतात.

चौथा प्रतिसाद

मागे फिरण्याच्या यादीत 'रेझिडेंट इव्हिल ४' जरूर घ्यावा. २००५ च्या मूळ गेममध्ये क्राउझर या शत्रूबरोबरची चाकूची झटापट म्हणजे एक कटसीन होते आणि पडद्यावर दिसेल ते बटण वेळेत दाबणे एवढाच त्यात आपला वाटा होता. २०२३ च्या रीमेकमध्ये तीच झटापट प्रत्यक्ष लढत झाली. चाकूने वार अडवायचा, अंतर राखायचे, संधी साधायची, सगळे आपण करायचे. गोष्ट तीच, संवादांतली ईर्षाही तीच, पण घाम आता आपल्याला फुटतो. आपल्या टायरॅनोसॉरसच्या उदाहरणाच्या नेमके उलट हे घडले आहे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. 'जमेल का' आणि 'अपेक्षित आहे का' हा भेद वाचल्यावर मला जे सांगता येत नव्हते ते नेमके सापडले. 'टिअर्स ऑफ द किंग्डम'बाबतचा आक्षेपही मान्य आहे, जरी त्यासाठी मोकळीक कमी करावी असे मी म्हणणार नाही. कटसीन वेगळी लिहिता आली असती. प्रत्येक मंदिराच्या पूर्वजाने त्या युद्धातला स्वतःच्या वाट्याचा वेगळा तुकडा सांगितला असता, तर क्रम कोणताही असो, चार तुकडे जुळवण्याचे काम खेळाडूलाच करता आले असते.

एक उपप्रश्न. हल्ली खुणा, इशारे हे सारे सेटिंगमध्ये बंद-चालू करता येते. त्याने हा वाद मिटतो का?

पहिला प्रतिसाद देणाऱ्याकडून

काही गेममध्ये मिटतो, काहींमध्ये नाही, आणि याचे कारण मूळ रचनेत असते. २०१८ च्या 'असॅसिन्स क्रीड ऑडिसी'मध्ये 'एक्सप्लोरेशन मोड' निवडला तर लक्ष्यावर थेट खूण दिसत नाही. अमुक प्रदेशात, तमुक ठिकाणाच्या पूर्वेला, अशी वर्णने मिळतात आणि त्यावरून जागा शोधावी लागते. हे बऱ्यापैकी जमते, कारण ती वर्णने त्यासाठीच लिहिलेली आहेत आणि नकाशाही त्याला साथ देतो. याउलट एखाद्या गेमची रचना मुळातच खुणांच्या भरवशावर उभी असेल आणि पात्रे फक्त 'तिकडे जा' एवढेच म्हणत असतील, तर खुणा बंद करून हाती काहीच लागत नाही. खेळाडू अंधारात चाचपडतो आणि थोड्या वेळाने कंटाळून खुणा पुन्हा चालू करतो.

आपण 'टूम रेडर' मालिकेत पुढे जाणार असाल, तर २०१८ च्या 'शॅडो ऑफ द टूम रेडर'मध्ये लढाई, शोध आणि कोडी यांची काठिण्यपातळी वेगवेगळी ठरवता येते, हे लक्षात असू द्या. शोधाची पातळी वाढवली की कडांवरचा पांढरा रंग नाहीसा होतो, आणि कोड्यांची वाढवली की लारा स्वतःशी पुटपुटत देत असलेले इशारे थांबतात. माझा सल्ला असा की कोड्यांची पातळी निःशंकपणे वर न्यावी, कारण तिथली थडगी व यंत्रे डोळ्यांनी पाहून उलगडता येतील अशी बांधलेली आहेत. शोधाची पातळी वाढवण्याआधी मात्र पहिल्या काही चढाया मध्यम पातळीवर करून पाहाव्यात. कोणत्या प्रकारचा खडक पकडता येतो हे डोळ्यांना ओळखता येऊ लागले, की मग रंग काढून टाकावा.